कोकणच्या व्हिडिओत दुसऱ्याचा फोटो: काय चालतं, काय नाही

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या किनारपट्टीवरचे चार किल्ले आहेत. तेव्हापासून या किल्ल्यांवर भरपूर व्हिडिओ निघाले, आणि निघायलाच हवेत. पण बारकाईने पाहिलं तर अनेक व्हिडिओंत एक गोष्ट खटकते. आवाज नवा, माहिती नवी, पण हर्णैच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग वरून दाखवणारा फोटो कुणा तिसऱ्याचाच. त्याचं नाव कुठेच नाही. कधी तर फोटोच्या कोपऱ्यात होतं तेही चॅनलच्या लोगोखाली झाकलेलं.

असं करणारे बहुतेक जण चोरीच्या इराद्याने करत नाहीत. गावचा शिमगा जगाला दाखवणारा मुलगा, स्वतःच्या होमस्टेची रील बनवणारी ताई, किल्ल्याचा इतिहास सांगणारे निवृत्त गुरुजी, सगळ्यांचा समज एकच असतो: नेटवर मिळालं म्हणजे वापरायला मोकळं. तो समज चुकीचा आहे. त्यातून चॅनल बंद पडू शकतं, आणि ज्याने भर वाऱ्यात ड्रोन सांभाळत तो फोटो मिळवला त्याच्या पदरी काही पडत नाही. नियम वाटतात तितके अवघड नाहीत.

फोटो नेमका कुणाचा?

आपल्याकडे याचा मुख्य कायदा आहे १९५७ चा कॉपीराइट कायदा, आणि त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. या कायद्याप्रमाणे फोटो काढला त्या क्षणीच त्यावर हक्क निर्माण होतो. कुठे नोंदणी करावी लागत नाही, वॉटरमार्क टाकावा लागत नाही, 'सर्व हक्क राखीव' असं लिहावं लागत नाही. फोटो कलात्मक असावा अशीही अट नाही. मिरकरवाडा बंदरावर वाळत घातलेल्या जाळ्यांचा मोबाइलवर काढलेला साधा फोटोसुद्धा कायद्याच्या दृष्टीने 'कलाकृती'च आहे. चित्रं, रेखाटनं, तक्ते, नकाशे हेही त्याच व्याख्येत बसतात.

हक्क कुणाचा, तर साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा. फोटोत जो दिसतो त्याचा नाही, ज्याच्या फोनमध्ये तो पडून आहे त्याचाही नाही, आणि ज्याने ग्रुपवर पाठवला त्याचा तर मुळीच नाही. 'मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता' हे उत्तर म्हणूनच निरुपयोगी ठरतं. पाठवणाऱ्याकडे जो हक्क नव्हता तो तुमच्याकडे कुठून येणार?

इथे दोन अपवाद लक्षात ठेवावेत. पगारी नोकरीचा भाग म्हणून फोटो काढला, तर वेगळा करार नसल्यास हक्क सहसा मालकाकडे जातो. आणि पैसे देऊन, आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतले, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, होमस्टेच्या खोल्यांचे फोटो यांना हा नियम लागतो. अनेक फोटोग्राफरांना तो ठाऊक नसतो आणि अनेक गिऱ्हाइकांनाही. तरीही माझा सल्ला असा, की फोटोग्राफरला बोलावताना 'हे फोटो आम्ही व्हिडिओत आणि जाहिरातीत वापरणार आहोत' असं एका ओळीत लिहून घ्यावं. चित्रफितीत घेतलेल्या कृतींच्या बाबतीत मूळ निर्मात्याचे हक्क २०१२ च्या दुरुस्तीने अधिक जपले आहेत, त्यामुळे व्हिडिओसाठी नुसत्या सर्वसाधारण नियमावर विसंबू नये. शिवाय त्या एका ओळीमुळे पुढे कुणाचं मन दुखत नाही.

पाहुण्याने तुमच्या होमस्टेचा फोटो काढून नकाशाच्या अ‍ॅपवर अभिप्रायासोबत टाकला, तर घर तुमचं असलं तरी फोटो पाहुण्याचाच. रीलमध्ये घ्यायचा असेल तर विचारावं लागेल. खूश होऊन गेलेला पाहुणा नाही म्हणण्याची शक्यता फार कमी.

वस्तू जुनी, फोटो नवा

कोकणातल्या व्हिडिओंत सर्वाधिक गोंधळ होतो तो इथे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं घ्या. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली ही शिल्पं कुणी कोरली ते माणूसही माहीत नाही, मग त्यावर कॉपीराइट कसला? मूळ शिल्पावर नाहीच. पण कशेळीच्या भल्या मोठ्या हत्तीचा वरून काढलेला फोटो कालपरवाचा आहे आणि तो काढणारा माणूस हयात आहे. त्या फोटोवर त्याचा हक्क आहे. एखाद्या अभ्यासकाने कातळावर वाकून, मापं घेऊन शिल्पाचं रेखाटन केलं असेल, तर त्या रेखाटनावरही हक्क असू शकतो. सिंधुदुर्ग किल्ला सतराव्या शतकातला आणि सर्वांचा, पण त्याचा मावळतीच्या उजेडातला फोटो एका माणसाचा. तुम्ही स्वतः जाऊन त्याच किल्ल्याचा, त्याच जागेवरून फोटो काढलात, तर तो तुमचा. जागेवर, सूर्यास्तावर किंवा कल्पनेवर कुणाची मालकी नसते. प्रत्यक्ष उतरलेल्या चित्रावर असते.

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असेल तर तिथे चित्रीकरण करण्याचे, ड्रोन उडवण्याचे नियम वेगळे आहेत. त्यांची पूर्तता निराळी करावी लागते, कॉपीराइटशी ती मिसळू नये.

व्हिडिओ करणाऱ्यांना कायद्याने एक मोठी सवलत दिली आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. कलम ५२ मध्ये असं आहे, की सार्वजनिक जागी किंवा लोकांचा वावर असलेल्या आवारात कायमस्वरूपी असलेली कलाकृती चित्रफितीत आली तर तो भंग नव्हे. म्हणजे एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र, चौकातला पुतळा तुम्ही बिनधास्त चित्रित करू शकता. इमारतींचे फोटो काढायलाही आडकाठी नाही. आणि कुठलीही इतर कलाकृती निव्वळ पार्श्वभूमीला किंवा ओघात आली, तर तीही चालते. आजीची मुलाखत घेताना मागच्या भिंतीवर टांगलेलं चित्र दिसलं, विसर्जनाच्या मिरवणुकीत मूर्तिकाराने घडवलेल्या पेणच्या मूर्ती दिसल्या, तर कुणी अडवू नये. मात्र सवलत चित्रफितीपुरती आहे. भिंतीवरचं तेच चित्र कापून त्याचं थंबनेल (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र) केलं, पोस्टर केलं, की तो वेगळा वापर झाला. चित्रकार कोण हे अशा वेळी शोधावं.

हक्क संपतो कधी?

चित्रकार किंवा फोटोग्राफर हयात असेपर्यंत, आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षं. त्यानंतर कृती सर्वांसाठी मोकळी होते. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचे हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होते. त्या सुमारास कायदा बदलून मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली.

या हिशेबाने राजा रविवर्मा, ज्यांचं १९०६ मध्ये निधन झालं, यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली आहेत. महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची चित्रं २००४ संपताच मोकळी झाली. शिवकाळावर व्हिडिओ करणाऱ्यांना धुरंधरांच्या चित्रांचा मोठा आधार आहे.

आता सावंतवाडीकडे वळू. हातात दिवा धरलेली, बोटांच्या फटींतून उजेड झिरपतोय अशी एक स्त्री तुम्ही कॅलेंडरांवर, दिवाळीच्या शुभेच्छांत हजार वेळा पाहिली असेल. मूळ चित्र जलरंगातलं आहे आणि म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. असंख्य ठिकाणी ते रविवर्म्यांचं म्हणून छापलं जातं. प्रत्यक्षात ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं आहे, आणि हळदणकर जन्माने सावंतवाडीचे. त्यांचं निधन १९६८ मध्ये झालं. त्यामुळे त्यांच्या चित्रांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत आहे. रविवर्म्यांचं समजून कुणी ते व्हिडिओत बेधडक वापरलं, तर दोन अन्याय होतात: हक्काचा भंग होतो, आणि कोकणातल्या एका थोर चित्रकाराचं नाव पुन्हा एकदा पुसलं जातं. मला दुसरा अन्याय जास्त बोचतो. चित्र कुणाचं हे तपासणं एवढ्यासाठीही गरजेचं आहे.

फोटोंच्या बाबतीत थोडं वेगळं. २०१२ पर्यंत फोटोचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं चालायचा, फोटोग्राफर कधी वारला याच्याशी संबंध नसे. त्यामुळे १९५१ अखेरपर्यंत भारतात प्रसिद्ध झालेले फोटो ढोबळमानाने मोकळे झाले आहेत. रत्नागिरीत नजरकैदेत राहिलेले आणि १९१६ मध्ये तिथेच वारलेले ब्रह्मदेशचे थिबा राजे यांचे त्या काळच्या पुस्तकांत छापलेले फोटो याच गटातले. पण 'काळापांढरा आहे म्हणजे जुना' हा निकष धरू नये. फोटो कुठे आणि कधी छापला गेला याचा पुरावा हाताशी असावा.

'श्रेय दिलंय की!'

वर्णनात 'फोटो सौजन्य: इंटरनेट' असं लिहिणं म्हणजे कुणालाच श्रेय न देणं. 'सर्व हक्क मूळ मालकाचे' किंवा 'कॉपीराइट भंगाचा हेतू नाही' ही वाक्यंही काहीच वाचवत नाहीत. उलट फोटो दुसऱ्याचा आहे हे तुम्हाला माहीत होतं, एवढंच त्यातून दिसतं. मूळ फोटोग्राफरचं खरं नाव दिलंत तरी ते परवानगीच्या जागी चालत नाही. श्रेय आणि परवानगी दोन्ही वेगवेगळ्या द्याव्या-घ्याव्या लागतात.

दहा सेकंदांपेक्षा कमी दाखवला तर चालतो, तीस टक्के बदलला तर चालतो, उलटा केला तर सापडत नाही, हे सगळं ऐकीव आहे. कायद्यात अशी मापं कुठेही नाहीत.

इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर कुणी फोटो टाकतो तेव्हा तो त्या कंपनीला तो दाखवण्याची मुभा देतो, तुम्हाला नव्हे. तिथली पोस्ट शेअर करणं ठीक, उतरवून स्वतःच्या व्हिडिओत घालणं ठीक नाही.

बातमी, समीक्षा, आणि मर्यादा

कायद्याने काही हेतूंसाठी परवानगीशिवाय वापराची वाट ठेवली आहे: स्वतःचा खासगी वापर आणि संशोधन, समीक्षा किंवा टीका, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. शिकवण्यासाठीही काही सवलती आहेत. अट अशी की वापर रास्त हवा. न्यायालयं पाहतात की किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि त्यामुळे मूळ कृतीच्या कमाईवर गदा येते का.

उदाहरण घेऊ. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचा पूर आला. त्या दिवसांत एखाद्या वृत्तछायाचित्रकाराचा बाजारपेठ बुडाल्याचा फोटो बातमीत दाखवून, त्याचं नाव सांगून, परिस्थितीची माहिती दिली, तर वार्तांकनाचा मुद्दा मांडता येतो. एखाद्या छायाचित्र प्रदर्शनाबद्दल बोलताना त्यातले दोन फोटो दाखवून ते कसे आहेत हे सांगितलं, तर समीक्षेचा मुद्दा येतो. पण चार वर्षांनी 'कोकणचा पाऊस' अशा व्हिडिओत भावुक संगीतावर तोच पुराचा फोटो सजावटीला लावला, तर ना बातमी उरते ना समीक्षा. अशा फोटोंमागे कुणाचं तरी उद्ध्वस्त दुकान असतं, हेही वापरणाऱ्याने ध्यानात घ्यावं.

इंग्रजी चॅनलवर ऐकलेला 'फेअर यूज' अमेरिकी कायद्यातला आहे. तिथे हेतू खुला ठेवून चार कसोट्या लावतात. आपल्याकडे ठरावीक हेतूंची यादी आहे आणि वापर त्यात बसावा लागतो. अमेरिकी व्हिडिओ पाहून इथले निर्णय घेऊ नयेत.

मोकळे फोटो कुठे आणि कोणत्या अटींवर

क्रिएटिव्ह कॉमन्स (थोडक्यात 'सीसी') हे परवाने २००२ पासून चालू आहेत. फोटोग्राफर स्वतःच आधी सांगून ठेवतो, की या अटी पाळा आणि वापरा, मला विचारत बसू नका. विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या फोटोंच्या साइटवर कोकणातल्या किल्ल्यांचे, मंदिरांचे, समुद्रकिनाऱ्यांचे असे पुष्कळ फोटो आहेत. प्रत्येक फोटोच्या पानावर परवाना लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

'सीसी झीरो' म्हणजे फोटोग्राफरने हक्क सोडून दिले, काहीही करा. 'सीसी बाय' म्हणजे नाव द्या आणि वापरा, कमाईसाठीही. 'एसए' जोडलेलं असेल तर फोटोत बदल करून जे नवं रूप बनेल तेही त्याच परवान्याखाली इतरांना द्यावं लागतं. 'एनडी' असेल तर बदललेलं रूप प्रसिद्ध करता येत नाही, म्हणजे त्यावर मजकूर लिहून थंबनेल करणं बाद. 'एनसी' असेल तर व्यापारी वापर नाही. होमस्टेची जाहिरात तर उघड व्यापार आहे, आणि ज्या चॅनलवर जाहिराती चालू आहेत त्यांनीही 'एनसी'पासून लांब राहावं. विकिमीडिया कॉमन्स 'एनसी' आणि 'एनडी' फोटो मुळात स्वीकारतच नाही, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. नव्या माणसाने 'बाय' आणि 'झीरो' यांवरच काम भागवावं असं मी सांगेन.

श्रेयाची ओळ नीट लिहावी: छायाचित्रकाराचं नाव, फोटोचा दुवा, परवान्याचं नाव आणि दुवा, आणि बदल केला असेल तर त्याचा उल्लेख. 'छायाचित्र: अमुक, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय ४.०, कडा कापल्या आहेत' एवढं पुरतं. दुवे वर्णनात द्या, आणि शक्य असेल तर फोटो पडद्यावर असतानाच नावही दाखवा. वर्णन उघडून वाचणारे थोडे असतात.

पिक्साबे, पेक्सेल्स, अनस्प्लॅश या साइटवरचे फोटो नाव न देताही कमाईच्या व्हिडिओत चालतात, पण त्यांचे परवाने स्वतःचे आणि वेगळे आहेत. तोच फोटो जसाच्या तसा विकायला काढणं तिथे चालत नाही. विकतच्या साइटवर 'रॉयल्टी-फ्री' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे भरले की दर वापराला पुन्हा भरावे लागत नाहीत, इतकाच. त्याच साइटवर 'फक्त संपादकीय वापर' असा शिक्का असलेला फोटो जाहिरातीत घालता येत नाही.

सगळ्यात मोठा धोका असा, की दुसऱ्याचा फोटो कुणीतरी स्वतःचा म्हणून मोकळ्या साइटवर चढवतो. तिथला परवाना मग पोकळ. म्हणून गूगल लेन्स किंवा टिनआय वापरून उलट शोध घ्यावा. तोच फोटो आधी कुठे, कुणाच्या नावाने आला होता ते दिसतं. चढवणाऱ्याचे बाकीचे फोटो पाहावेत: एकाच कॅमेऱ्याने, एकाच मुलुखात काढलेले असतील तर विश्वास वाढतो. एक वेंगुर्ल्याचा, एक नॉर्वेचा, एक चित्रपटातला असेल तर सोडून द्यावं. गूगलच्या चित्रशोधात वापरहक्कांची गाळणी आहे, ती लावावी; पण शेवटचा निर्णय मूळ पानावर जाऊन घ्यावा.

नकाशांचंही तसंच. मुंबई-गोवा महामार्ग दाखवायला ओपनस्ट्रीटमॅप उत्तम, फक्त 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' असं श्रेय द्यावं लागतं. गूगलचा नकाशा वापरला तर त्यावरचं श्रेय कापायचं किंवा झाकायचं नाही.

विचारावं कसं?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोकणातले फोटोग्राफर हे कुठल्या तरी दूरच्या कंपन्या नाहीत. मालवणात पाण्याखाली कॅमेरा घेऊन उतरणारा, वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना टिपण्यासाठी पहाटेपासून वाळूवर बसणारा, नमनाच्या रात्री जागणारा, ही आपल्याच तालुक्यातली माणसं आहेत. विचारलं तर पुष्कळ जण हो म्हणतात. न विचारता घेतलं म्हणून ते दुखावतात.

पण होकार तोंडी ठेवू नये. कायद्याप्रमाणे परवाना लेखी हवा. सही असलीच पाहिजे अशी अट २०१२ च्या दुरुस्तीनंतर परवान्याला राहिलेली नाही, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा २००० इलेक्ट्रॉनिक लिखाणालाही मान्यता देतो. त्यामुळे ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्पष्ट मजकूर उपयोगी पडतो. हक्क कायमचा विकत घ्यायचा असेल तर मात्र सहीचा लेखी करार लागतो.

परवाना आणि विक्री यांत फरक काय? आंब्याची कलमं एका हंगामापुरती कराराने देण्यासारखा परवाना आहे. फळ काढणारा दुसरा, बाग मालकाचीच. करारात जेवढं लिहिलं तेवढंच त्याचं.

आणि काय लिहिलं नाही, तेही महत्त्वाचं. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. यूट्यूबवरचा व्हिडिओ दुबईतला चाकरमानीही पाहतो आणि दहा वर्षांनीही पाहिला जातो, म्हणून या दोन गोष्टी हमखास लिहाव्यात. संदेश असा असू शकतो:

'नमस्कार दादा. तुमच्या पानावरचा १२ मार्चचा पालखीचा फोटो मला फार आवडला. गावच्या शिमग्यावरच्या माझ्या यूट्यूब व्हिडिओत तो साधारण आठ सेकंद आणि थंबनेलवर वापरायची परवानगी हवी आहे. चॅनलवर जाहिराती चालू आहेत. व्हिडिओ जगभर आणि कायम दिसेल, त्याचे तुकडे रील म्हणूनही जातील. थंबनेलसाठी कडा कापाव्या लागतील. तुमचं नाव पडद्यावर आणि वर्णनात देईन. मानधन किती अपेक्षित आहे ते कळवा. चालणार असेल तर याच संदेशाला तसं लिहून उत्तर द्या, आणि मूळ आकाराचा फोटो पाठवा.'

मानधनाचं विचारायला लाजू नये, आणि सांगितलं तर घासाघीस करत बसू नये. परवडत नसेल तर तसं प्रामाणिकपणे सांगावं. उत्तर आलं नाही तर फोटो वापरू नये. मौन म्हणजे संमती नव्हे. आलेलं उत्तर, मूळ फोटो आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये व्हिडिओच्या नावाने जपून ठेवावा. सीसी फोटोंसाठीही परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवावा, कारण पानं नंतर गायब होतात.

परवानगी मिळाली तरी फोटोचा विपर्यास करता येत नाही. कलम ५७ प्रमाणे निर्मात्याला दोन हक्क कायम राहतात: कृती आपली आहे हे सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा. हक्क विकल्यावरही ते सुटत नाहीत.

फोटोतल्या माणसांचा प्रश्न कॉपीराइटच्या बाहेरचा, पण सुटका नाही. मासळी विकणाऱ्या मावशीचा चेहरा तुमच्या हॉटेलच्या जाहिरातीवर लावायचा असेल, तर फोटोग्राफरची परवानगी पुरणार नाही, मावशींना विचारा. मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारा. आणि दशावताराचा अख्खा प्रयोग चित्रित करून चढवायचा असेल तर नाटक मंडळींची परवानगी हवी; सादर करणाऱ्या कलावंतांना कायद्याने स्वतंत्र हक्क दिले आहेत.

तक्रार आली तर

यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. क्लेम म्हणजे व्हिडिओतल्या एखाद्या भागावर दुसऱ्याचा हक्क सांगितला जाणं; तो सहसा आपोआप होतो, बहुतेक वेळा संगीत किंवा चित्रफितीमुळे, आणि त्यात सहसा कमाई दुसऱ्याकडे जाते किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसत नाही. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावणं. फोटोंच्या बाबतीत बहुधा हेच होतं. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनल बंद होऊ शकतं. व्हिडिओ तुम्ही स्वतः डिलीट केलात म्हणून स्ट्राइक जात नाही.

तक्रार बरोबर असेल तर हक्कदाराला सरळ संपर्क करावा, माफी मागावी, वाजवी मोबदला द्यावा आणि तक्रार मागे घेण्याची विनंती करावी. स्ट्राइक सुटण्याचा हाच सर्वांत लवकरचा मार्ग. तक्रार चुकीची असेल, तुमच्याकडे लेखी परवानगी असेल, तर प्रति-नोटीस देता येते. मग तक्रारदाराला अमेरिकी कामकाजाचे दहा दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने कायदेशीर पाऊल उचललं नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. पण ती नोटीस कायदेशीर निवेदन असते, त्यात तुमचं नाव-पत्ता तक्रारदाराला कळतो, म्हणून रागाच्या भरात देऊ नये.

भारतीय कायद्यात जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. दिवाणी दाव्यात मनाई हुकूम आणि भरपाई मागता येते. एखाद्या अनोळखी ईमेलने थेट पैशांची मागणी केली, तर घाबरून भरू नयेत. फोटोवर त्यांचा हक्क आहे याचा पुरावा आधी मागावा, आपला स्क्रीनशॉटांचा फोल्डर पाहावा, आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला विचारावं.

तुमच्याकडे स्वतःचे चांगले फोटो असतील तर तेही इतरांसाठी ठेवा. देवरहाटीचे, खाडीवरच्या जुन्या तरीचे, गावच्या जत्रेचे मोकळ्या परवान्याचे फोटो अजून फार थोडे आहेत, आणि त्यामुळेच लोक दुसऱ्याचे उचलतात. विकिमीडिया कॉमन्सवर चढवताना 'सीसी बाय-एसए' निवडलात तर वापरणाऱ्याला तुमचं नाव द्यावंच लागेल. फक्त एक ध्यानात असू द्या: हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. जो फोटो पुढे कुणाला विकायचा विचार आहे, तो त्यात चढवू नका. बाकीचे चढवा, आणि वर्णनात गाव, तालुका, तारीख मराठीत लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला ते सापडतील.